जोगेश्वरीच्या हवेतला गोंगाट

जोगेश्वरी आणि अंधेरीच्या पूर्वेला वेरावलीची टेकडी आहे. पाण्याच्या जलाशयामुळे ती मुंबईकरांना ठाऊक होतीच. 14 जानेवारी 2022 रोजी तिथे भारतीय हवामान विभागाचे डॉप्लर रडार सुरू झाले. कुलाब्यानंतर मुंबईचे हे दुसरे रडार. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा शहराकडे असे एकही रडार नव्हते, हे आठवले की या टेकडीवरच्या यंत्राचे मोल कळते. रडारबद्दल आपली समजूत अशी असते की ते मोठ्या ताकदीने काहीतरी फेकते. ते खरेही आहे, अशा रडारचा एकेक स्पंद लाखो वॉटचा असतो. पण त्याचे खरे काम फेकण्यानंतर सुरू होते. ढगातल्या थेंबांवर आपटून जी लहर परत येते ती इतकी क्षीण असते की एका वॉटचे अब्ज भाग करावेत, त्यातल्या एकाचे पुन्हा लाख भाग करावेत, आणि त्यातला एक उचलावा. तेवढ्यावरून पाऊस कुठे आहे, किती आहे, कोणत्या दिशेने सरकतो आहे हे ओळखायचे असते. रडार म्हणजे आधी कान आणि मग तोंड. हा कान सी-बँडमध्ये, म्हणजे 5.6 गिगाहर्ट्झच्या आसपासच्या पट्ट्यात ऐकतो, आणि त्याच पट्ट्याच्या अल्याड-पल्याड, 5.15 ते 5.875 गिगाहर्ट्झच्या दरम्यान, टेकडीखालच्या वस्तीतली हजारो वाय-फाय यंत्रे बोलत असतात. घराबाहेरच्या बिनतारी इंटरनेटचा प्रश्न समजून घ्यायला यापेक्षा चांगली जागा शोधून सापडणार नाही.

टेकडीवरून खाली पाहिले तर हा प्रश्न नकाशासारखा पसरलेला दिसतो. रुळांच्या पूर्वेला मेघवाडी, मजासवाडी, बांद्रेकरवाडी; एकाला एक चिकटलेली बैठी घरे, त्यांवर पत्रे, मधूनच पुनर्वसनातून उभे राहिलेले उंच मनोरे. मधून जाणारा पश्चिम द्रुतगती महामार्ग, त्यावर जानेवारी 2023 पासून धावणारी मेट्रो 7, आडवा जाणारा जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता. रुळांपलीकडे बेहरामबाग, ओशिवरा. अशा वस्तीत प्रत्येक घरापर्यंत फायबर नेणे कठीण असते. गल्ली तीन-चार फुटांची, खोदकामाला परवानगी लागते, आणि गच्चीवरून गच्चीवर ओढलेली केबल पहिल्याच वादळी पावसात लोंबकळू लागते. म्हणून शेवटचा टप्पा हवेतून जातो. कुठे एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर तोंड करून बसवलेली थाळी असते, कुठे दुकानाच्या फळीवर सार्वजनिक वाय-फायचा डबा. जानेवारी 2017 मध्ये राज्य सरकारने ‘आपले सरकार मुंबई वाय-फाय’ या नावाने शहरात 500 हॉटस्पॉट सुरू केले, आणि डिसेंबर 2020 मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या पीएम-वाणी योजनेने तर एकेकाळच्या पीसीओसारखे वाण्याच्या, चहाच्या दुकानातून इंटरनेट विकण्याची मुभा दिली. ग्राहकाच्या गच्चीवर रेडिओ लावून घरात ब्रॉडबँड देणाऱ्या नव्या सेवाही आल्या. जिओच्या एअरफायबरमध्ये 5जीच्या जोडीला 5 गिगाहर्ट्झच्या खुल्या पट्ट्यातले रेडिओ वापरले जातात. या सगळ्यांना एकच हवा वापरायची आहे.

आणि तक्रारही सगळ्यांची एकच असते: सिग्नलच्या कांड्या पूर्ण दिसतात, पण पान उघडत नाही. यावर बसवणारा माणूस सहसा जो उपाय करतो, तो आहे आवाज चढवण्याचा. यंत्राची शक्ती कमाल मर्यादेवर नेतो, अँटेना आणखी उंच चढवतो, चॅनल जास्तीत जास्त रुंद करतो. या प्रकरणात मला जे मांडायचे आहे ते याच्या नेमके उलट आहे. गोंगाटाच्या वस्तीत बिनतारी सेवा सुधारते ती हळू बोलण्याने, थोडक्यात बोलण्याने, ज्याच्याशी बोलायचे त्याच्याकडेच तोंड करण्याने आणि नीट ऐकण्याने. ही नैतिक शिकवण नाही. ते पदार्थविज्ञान आहे, आणि आकडे मांडून दाखवता येते.

आधी हा गोंगाट कायदेशीर कसा झाला ते पाहू. 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा भारतात जानेवारी 2005 मध्ये परवानामुक्त झाला. यंत्राची शक्ती जास्तीत जास्त 1 वॉट, आणि अँटेनाची दिशा धरून परिणामी 4 वॉट, एवढी मर्यादा पाळली की कोणाचीही परवानगी नको. 5 गिगाहर्ट्झमधला 605 मेगाहर्ट्झचा मोठा पट्टा ऑक्टोबर 2018 मध्ये घराबाहेरच्या वापरासाठीही खुला झाला. दोन्ही निर्णय योग्यच होते; ते झाले नसते तर स्वस्त इंटरनेट आज दिसते तसे दिसले नसते. पण या नियमांची एक बाजू फारशी कोणी बोलत नाही. कायदा प्रत्येक यंत्राला मर्यादा घालतो, यंत्रांच्या बेरजेला नाही. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत कोणत्या भागात एकूण आवाज किती असावा याची डेसिबलमध्ये मर्यादा आहे, रात्री दहानंतर भोंगे बंद करायला सांगितले आहे. हवेतल्या खुल्या पट्ट्यात असे काहीच नाही. एका गल्लीत दहा यंत्रे असोत की पाचशे, प्रत्येक जण नियमात बसतो, आणि सगळे मिळून एकमेकांना बहिरे करतात. शिवाय 2.4 गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच निघतात: 1, 6 आणि 11. त्यांतच ब्लूटूथ, बिनतारी कॅमेरे आणि 2.45 गिगाहर्ट्झवर अन्न गरम करणारी मायक्रोवेव्ह शेगडी येऊन बसते. एका चाळीत तीन नळ आणि शंभर बादल्या, असा तो प्रकार आहे.

आता आकड्यांकडे. 1948 मध्ये क्लॉड शॅनन यांनी दाखवून दिले की एखाद्या मार्गाने जास्तीत जास्त किती माहिती जाऊ शकते हे दोन गोष्टींवर ठरते: मार्गाची रुंदी, आणि संदेश गोंगाटाच्या किती पट आहे हे गुणोत्तर. समजा चॅनल 20 मेगाहर्ट्झचा आहे आणि संदेश गोंगाटाच्या दहापट आहे. शॅनन यांच्या सूत्राने कमाल वेग निघतो सेकंदाला सुमारे 69 मेगाबिट. आता यंत्राची शक्ती दुप्पट करा. वेग होतो 88. शक्ती शंभर टक्के वाढली, वेग वाढला सत्तावीस टक्के. आणि शेजाऱ्याने तेच केले की गुणोत्तर पूर्वपदावर येते, वेग पुन्हा 69, आणि दोघांची वीज मात्र जास्त जळत राहते. आता शक्ती तशीच ठेवून, अरुंद दिशेचा अँटेना लावून गोंगाट एक दशांशावर आणा. वेग 133 वर जातो. त्याच अँटेनामुळे संदेशही दहापट बळकट झाला, तर 199. खरी यंत्रे शॅनन यांच्या मर्यादेच्या खालीच चालतात, पण चढाचे प्रमाण असेच राहते. कांड्या पूर्ण असूनही पान का उघडत नाही याचे उत्तरही इथे आहे. कांड्या दाखवतात संदेश किती मोठा आहे. तो गोंगाटापेक्षा किती मोठा आहे हे त्या सांगत नाहीत. गणपतीच्या मिरवणुकीत ढोलाजवळ उभे राहून समोरच्याचा आवाज मोठा ऐकू येत असूनही शब्द कळत नाहीत, तसेच.

रुंदीबद्दलचा मोहही याच सूत्राने तपासता येतो. 20 ऐवजी 80 मेगाहर्ट्झचा चॅनल घेतला तर कागदावर वेग चौपट होतो. पण यंत्राची एकूण शक्ती तेवढीच असल्याने ती चौपट रुंदीवर पातळ होते, आणि चौपट रुंदीतला गोंगाट मात्र पूर्ण आत येतो. शांत माळरानावर हे चालून जाते. जिथे चारही तुकड्यांत कोणी ना कोणी बोलते आहे, तिथे रुंद चॅनल घेणे म्हणजे चारही शेजाऱ्यांचे भांडण आपल्या घरात आणणे. घराबाहेरच्या सेवेत 20 मेगाहर्ट्झवर आलेला स्थिर वेग हा 80 वर मधूनच चमकून विझणाऱ्या वेगापेक्षा वापरणाऱ्याला कधीही बरा. व्हिडिओ कॉलवर आजोबांचा चेहरा गोठतो तो सरासरी वेग कमी असल्याने क्वचितच. तो गोठतो अधूनमधून काही क्षण काहीच न पोचल्यामुळे.

इथपर्यंतचे गणित सगळ्याच रेडिओंचे झाले. वाय-फायचा स्वतःचा एक स्वभाव आहे, आणि जोगेश्वरीसारख्या वस्तीत तो कळीचा ठरतो. वाय-फायचे यंत्र बोलण्याआधी ऐकते. चॅनलवर दुसऱ्या कोणाचे बोलणे ऐकू आले, मग ते पुसट का असेना, की यंत्र थांबते. ही सभ्यता आहे, आणि तिच्यामुळेच परवान्याशिवाय लाखो यंत्रे एकत्र नांदतात. पण तिची किंमत वेळेत मोजावी लागते. प्रत्येक राउटर ‘मी इथे आहे’ असा एक हाकारा देत असतो. त्याला बीकन म्हणतात. तो साधारण दर 102.4 मिलिसेकंदांनी जातो, म्हणजे सेकंदाला जवळजवळ दहा वेळा. बीकन सुमारे 300 बाइटचा असतो, आणि जुन्या उपकरणांना कळावा म्हणून अनेक राउटर तो सर्वांत मंद वेगाने, सेकंदाला 1 मेगाबिटने पाठवतात. तेवढा हाकारा द्यायला सुमारे 2.6 मिलिसेकंद लागतात, म्हणजे एकूण वेळेचे अडीच टक्के. हे एका नावाचे झाले. एकाच चॅनलवर वीस नावे ऐकू येत असतील, आणि गच्चीवर वीस ही संख्या काहीच नाही, तर अर्धा वेळ नुसते हाकारे देण्यात जातो. कोणी एक अक्षरही पाठवलेले नसताना निम्मा रस्ता भरलेला. हाच बीकन 12 मेगाबिटने पाठवायला लावला तर त्याला 220 मायक्रोसेकंदांच्या आसपास वेळ पुरतो, म्हणजे एका नावामागे 0.2 टक्के. प्रत्येक राउटरच्या मांडणीतला एकच आकडा बदलून, दमडी न खर्च करता, वीस नावांचा बोजा पन्नास टक्क्यांवरून चार-पाच टक्क्यांवर येतो. एकाच डब्यातून ग्राहकांसाठी एक, कर्मचाऱ्यांसाठी एक, पाहुण्यांसाठी एक अशी चार नावे प्रसारित करण्याची हौस का टाळावी, तेही यावरून उघड होते.

मंद बोलणाऱ्याचा त्रास हाकाऱ्यापुरता थांबत नाही. 1500 बाइटचा एक तुकडा 54 मेगाबिटने पाठवला तर सुमारे 0.22 मिलिसेकंद लागतात. 1 मेगाबिटने 12 मिलिसेकंद. दूर कोपऱ्यावर उभा असलेला, क्षीण संदेशावर कसाबसा जोडलेला एक फोन जवळच्या पन्नास फोनांचा वेळ खातो. फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या संशोधकांनी 2003 मध्ये हे गणिताने आणि मोजमापाने दाखवले: सर्वांना बोलण्याची पाळी समान मिळत असल्याने एक मंद ग्राहक सर्वांचा वेग आपल्या पातळीवर ओढतो. गोंगाटात तर हा फेरा आणखी घट्ट होतो. टक्कर होऊन तुकडा हरवला की यंत्र समजते की संदेश कमजोर आहे, आणि वेग उतरवते. वेग उतरला की तोच तुकडा हवेत जास्त वेळ राहतो, जास्त वेळ राहिला की टक्कर होण्याची शक्यता वाढते, आणि वेग पुन्हा उतरतो. म्हणून सार्वजनिक वाय-फाय चालवणाऱ्याने सर्वांत मंद वेग बंद करणे आणि फार क्षीण संदेशाच्या फोनला जोडूनच न घेणे हे क्रूर वाटले तरी हिताचे असते. दीडशे मीटरवरच्या एकाला मरतुकडी सेवा देणे हे चाळीस मीटरवरच्या दहांना चांगली सेवा देण्याच्या आड येऊ नये. त्या एकासाठी त्याच्या जवळ दुसरा डबा बसवावा.

गोंगाट हेच खरे कारण आहे, अंतर किंवा भिंती नव्हेत, याला भारतीय मोजमापांचाही आधार आहे. आयआयटी कानपूरने गंगेच्या खोऱ्यात गावोगावी लांब पल्ल्याचे वाय-फायचे दुवे उभारले होते. कामेश्वरी चेब्रोलू आणि भास्करन रामन यांनी सहकाऱ्यासह 2006 मध्ये त्या दुव्यांचे निष्कर्ष मांडले. त्यांना आढळले की किलोमीटरच्या किलोमीटर लांबीचा दुवाही संदेश पुरेसा बळकट असेल तर अत्यंत स्थिर चालतो. तो लहरी वागतो तेव्हा कारण बहुधा बाहेरचे दुसरे वाय-फाय असते. बर्कलीच्या संशोधकांचा सहभाग असलेल्या गटाने 2007 मध्ये शहरी आणि ग्रामीण दुवे शेजारी ठेवून पाहिले, तेव्हाही तेच निघाले: खेड्यातल्या दुव्यांत तुकडे जवळजवळ हरवत नाहीत, शहरातल्या दुव्यांत पुष्कळ हरवतात, आणि त्यामागे आजूबाजूची वाय-फाय रहदारी असते. पावसालाही उगाच दोष दिला जातो. तासाला 100 मिलिमीटरच्या धो-धो सरीतही 6 गिगाहर्ट्झच्या आसपास किलोमीटरमागे घट होते ती साधारण एक डेसिबल. दोनशे मीटरच्या दुव्याला ती जाणवतही नाही. पावसाळ्यात सेवा कोलमडते ती जोडांत शिरलेल्या पाण्याने, गंजलेल्या कनेक्टरने आणि वाऱ्याने हललेल्या थाळीने.

मग अँटेना कुठे लावावा? सर्वांत उंच मनोऱ्याच्या गच्चीवर, हे उत्तर सहज सुचते आणि ते बहुतेक वेळा चुकीचे असते. वीस मजल्यांवरून सर्व दिशांना बोलणारा अँटेना ओशिवऱ्यापासून आरेच्या झाडीपर्यंत सगळ्यांना दिसतो. म्हणजेच त्यालाही ते सगळे दिसतात. वाय-फायच्या सभ्यतेनुसार तो त्या प्रत्येकासाठी थांबतो, आणि त्याच्यामुळे तेही थांबतात. उंची मिळवून त्याने गर्दी विकत घेतलेली असते. याउलट डबा खांबावर, चार-पाच मीटर उंचीवर, छपरांच्या रेषेखाली बसवला तर गल्लीच्या दोन्ही बाजूंच्या भिंती आणि पत्रे त्याच्यासाठी आडोसा बनतात. आपण भिंतीला वाय-फायची वैरीण समजतो. दाट वस्तीत ती मैत्रीण आहे, कारण तिच्यामुळे एका गल्लीतला चॅनल पलीकडच्या गल्लीत पुन्हा वापरता येतो. जोगेश्वरीच्या सहाव्या शतकातल्या लेण्यात उतरल्यावर मोबाइलचा संदेश क्षीण होत जातो तो कातळामुळे. तोच गुण छोट्या प्रमाणात विटांच्या भिंतीत आहे आणि तो कामाला लावता येतो. गच्ची ते गच्ची जाणाऱ्या दुव्याची गोष्ट वेगळी. तिथे उंची लागतेच, पण सोबत अरुंद दिशाही लागते. 60 सेंटिमीटरची थाळी 5.8 गिगाहर्ट्झवर सुमारे सहा अंशांचा झोत देते, म्हणजे क्षितिजाचा साठावा हिस्सा पाहते आणि उरलेल्या एकोणसाठ हिश्श्यांतला बहुतेक गोंगाट गाळून टाकते. या झोताच्या वाटेत किलोमीटरभराच्या दुव्याला मध्यावर दोन-सव्वादोन मीटर मोकळी जागा चारही बाजूंनी हवी. जाहिरातीचा नवा फलक किंवा श्रावणात फोफावलेला पिंपळ तेवढ्यात येऊन बसतो आणि दोष मात्र यंत्राला मिळतो.

यावर अनुभवी माणूस म्हणेल, शक्ती वाढवली की फोनला लांबूनही चांगले ऐकू येते, हे तर डोळ्यांसमोर दिसते. दिसते ते अर्धेच आहे. डब्याचा रेडिओ 1 वॉटचा असू शकतो, फोनचा साधारण 30 ते 50 मिलीवॉटचा. वीस-तीस पटींचा फरक. डबा ओरडून सांगू शकतो, पण फोनचे ‘मिळाले’ हे उत्तर गोंगाटात बुडते, आणि ते न मिळाल्याने डबा तोच तुकडा पुन्हा पुन्हा ओरडतो. बाहेरच्या वाय-फायची शक्ती फोनच्या बेताने ठरवली पाहिजे. अँटेनाची गोष्ट अशी नाही: चांगला अँटेना बोलताना जेवढी मदत करतो तेवढीच ऐकतानाही करतो. म्हणून शक्तीवर खर्च करायचा रुपया अँटेनावर करावा.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. मी हळू बोललो आणि शेजारी ओरडतच राहिला तर नुकसान माझेच ना? सामाईक गायरानाचा हा जुना पेच आहे, आणि तो पूर्ण सुटतो असे मी म्हणणार नाही. पण वर सांगितलेल्या उपायांची यादी पुन्हा पाहा. अरुंद झोताचा अँटेना, छपराखालची जागा, मंद वेग बंद करणे, अरुंद चॅनल, कमी नावे: यांतला एकही उपाय शेजाऱ्याच्या भलेपणावर अवलंबून नाही. तो ओरडत राहिला तरी त्याचा आवाज आपल्या कानात कमी शिरतो. फक्त शक्ती उतरवण्याचा फायदा दोघांनी मिळून केल्यास मोठा होतो, आणि तिथेही चित्र आशादायक आहे, कारण जोगेश्वरीतल्या एका वाडीत घराबाहेरची सेवा देणारे केबलवाले आणि दुकानदार मोजकेच असतात, एकमेकांना नावाने ओळखतात. चॅनल 1 तुझ्या गल्लीत, 6 माझ्या, 11 पलीकडच्याच्या, असा ठराव त्यांना चहाच्या टपरीवर करता येतो.

तिसरा आक्षेप नव्या तंत्रज्ञानाचा. वाय-फाय 6 मध्ये एकाच वेळी अनेक फोनांना चॅनलचे बारीक हिस्से वाटून देता येतात, शेजारच्या जाळ्याची पुसट कुजबुज ओळखून तिच्याकडे दुर्लक्ष करता येते. हे उपयोगी आहे, पण त्याचा लाभ दोन्ही टोकांची उपकरणे नवी असतील तरच मिळतो, आणि वस्तीत पाच-सात वर्षांचे जुने फोन वापरात असतात. 6 गिगाहर्ट्झचा नवा पट्टा खुला करण्यासाठी केंद्र सरकारने मे 2025 मध्ये जो मसुदा काढला, त्यात घराबाहेर परवानगी होती ती फक्त अत्यल्प शक्तीच्या, 14 डेसिबल-मिलीवॉट म्हणजे सुमारे 25 मिलीवॉटच्या उपकरणांना. एवढ्यात गल्ली झाकत नाही. दूरदर्शनच्या पट्ट्यातली रिकामी जागा ही आणखी एक शक्यता होती. आयआयटी मुंबईच्या अभय करंदीकर आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये हिशोब मांडला, तेव्हा 470 ते 590 मेगाहर्ट्झमधल्या 15 पैकी किमान 12 वाहिन्या देशाच्या जवळजवळ सर्व भागांत रिकाम्या निघाल्या. त्यांच्या ‘ग्राम मार्ग’ प्रकल्पाने पालघर जिल्ह्यातल्या गावांत या रिकाम्या जागेचा वापर करून दाखवला आणि 2017 मध्ये मोझिलाचे पारितोषिकही मिळवले. पण तो पट्टा परवानामुक्त झाला नाही, ही माझ्या मते गमावलेली संधी आहे. आणि फायबर? जेवढे नेता येईल तेवढे न्यावेच. खांबाखांबापर्यंत फायबर आणि शेवटचे चाळीस मीटर हवेतून, हीच सर्वांत निरोगी रचना. लहान पल्ल्याला कमी शक्ती पुरते, आणि कमी शक्तीने सगळ्यांचा गोंगाट उतरतो.

आवाज चढवण्याची किंमत इंटरनेटपुरती मर्यादित नसते, याचे पुरावे जगात आहेत. नोव्हेंबर 2012 मध्ये चीनमधल्या शेन्झेनच्या मेट्रो गाड्या वारंवार मध्येच थांबू लागल्या. त्यांची सिग्नल यंत्रणा 2.4 गिगाहर्ट्झच्या खुल्या पट्ट्यावर चालत होती आणि प्रवाशांच्या खिशातले हॉटस्पॉट तिच्यावर आदळत होते. आपल्या विषयाला त्याहून जवळचे उदाहरण प्वेर्तो रिकोचे. 2009 मध्ये सान हुआन विमानतळासाठीच्या हवामान रडारच्या पडद्यावर पाऊस नसतानाच्या रेषा दिसू लागल्या. शोध घेतल्यावर निघाली ती घराबाहेर बसवलेली 5 गिगाहर्ट्झची बिनतारी इंटरनेट यंत्रे. अशा यंत्रांत रडारची चाहूल लागताच दहा सेकंदांत चॅनल सोडण्याची आणि पुढची तीस मिनिटे तिकडे न फिरकण्याची सोय असते. काही ठिकाणी ती बंद केलेली होती, काही यंत्रांत देशच दुसरा निवडलेला होता. अमेरिकी नियामकाने दंड केले, आणि अशा रडारपासून 35 किलोमीटरच्या आत यंत्र बसवणाऱ्या पुरवठादारांना नोंदणी करण्याचे आवाहन केले. वेरावलीपासून 35 किलोमीटरच्या वर्तुळात जवळजवळ सगळी मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईचा मोठा भाग येतो.

म्हणून घराबाहेर यंत्र बसवणाऱ्या प्रत्येकाला एक विनंती. यंत्रात देश ‘भारत’ हाच निवडा आणि रडारची चाहूल घेणारी सोय चालू ठेवा. गच्चीवरच्या दुव्यांसाठी 5.725 ते 5.875 गिगाहर्ट्झचा पट्टा मोकळा आहे, तो वापरा. 5.6 ते 5.65 गिगाहर्ट्झमधले 120, 124 आणि 128 हे तीन चॅनल मृगाचा पाऊस सुरू होण्याआधी रिकामे करा, आणि रिकामेच ठेवा.